रिमोट खाली ठेवा

ताई,
मी ४१ वर्षांची आहे, सांगलीत राहते. मला शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या मालिका आणि सिनेमे पाहायला मनापासून आवडतात. सासू-सुनांच्या मालिका दहा मिनिटंही सहन होत नाहीत. याची सुरुवात मी नववीत असताना झाली. झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' लागायचं. बाबांची स्कूटर फाटकापाशी वाजली की मी पटकन बातम्या लावायची. तेव्हापासूनचं हे वेड. माझी मतंही ठाम आहेत. 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०'मध्ये तिशीला टेकलेल्या बायका दप्तर घेऊन वर्गात बसतात, ते मला पटत नाही. 'माय सो-कॉल्ड लाइफ' १९ भागांत गुंडाळली, हा अन्याय होता. 'टाइमपास'पेक्षा 'शाळा' कितीतरी खरा. सध्या नेटफ्लिक्सवर 'हार्टस्टॉपर' ही मालिका दुसऱ्यांदा पाहतेय. पहिल्या सीझनच्या शेवटी निक आईला सगळं सांगतो, तिथं मी दर वेळी रडते. संध्याकाळी हॉलमधल्या टीव्हीवर पाहत बसते. मुलगी नववीत आहे, ती क्लासहून आली की बातम्या लावते, ती सवयच झाली आहे. प्रश्न असा, की मिस्टर म्हणतात, 'वय काय तुझं आणि बघतेस काय!' नणंदेनं तर चारचौघांत चेष्टा केली. माझं मन अजून मोठं झालं नाही का? हे सगळं सोडून द्यावं का?
– एक प्रेक्षक

पाहणं सोडू नका. मिस्टरांना आणि नणंदेला याहून जास्त उत्तर द्यावं असं मला वाटत नाही, तुम्हीही देत बसू नका. या गोष्टी लिहितात मोठी माणसं, दिग्दर्शित करतात मोठी माणसं. मग त्या मोठ्यांनी पाहिल्या तर बिघडलं कुठं?

तुमची मतं तर मला फार आवडली. 'बेव्हर्ली हिल्स' १९९० मध्ये सुरू झाली तेव्हा अँड्रियाचं काम करणारी गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांची होती. शाळकरी मुलीचं काम चांगलं वठलं, तरी चेहऱ्यावर सोळाव्या वर्षाचा तो गोंधळ कुठून आणायचा? याउलट 'माय सो-कॉल्ड लाइफ' १९९४ मध्ये आली तेव्हा नायिकेचं काम करणारी क्लेअर डेन्स खरोखर १५ वर्षांची होती. तिचं वाक्य अर्ध्यावर अडतं, तेव्हा आपल्यालाही काही सुचेनासं होतं. आणि 'शाळा'च्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. आणीबाणीतलं ते लहानसं गाव, तो वर्ग, शिरोडकरकडे नुसतं बघण्यात गेलेलं मुकुंदाचं वर्ष. या वयाचं त्याहून खरं चित्र मराठी पडद्यावर मी क्वचित पाहिलं.

पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नापाशी माझं मन थांबलं नाही. भाजी निवडता निवडता काहीतरी सांगून टाकावं, तसं एक वाक्य तुम्ही लिहून गेलात. मुलगी क्लासहून आली की बातम्या लावते, ती सवयच झाली आहे.

ते वाचून मला राग आला. तो लपवत नाही.

बाबा आले की बातम्या, मुलगी आली की बातम्या. तेव्हा तुम्ही घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला घाबरत होतात. आता घरातल्या सर्वांत लहान माणसाला घाबरता. मधल्या काळात तुमचं लग्न झालं, मूल झालं, घर तुमच्या हातात आलं, रिमोटही तुमच्याच हातात आहे. तरी दार वाजलं की बोट त्याच बटणावर जातं. बाबांपासून लपवत होतात ते मी समजू शकते. तो काळ तसा होता, वय तसं होतं, पाठीत धपाटा बसायची भीती होती. आता कोण धपाटा घालणार आहे?

तुम्ही म्हणाल, ती लहान आहे. नववीतच आहे ना? तुम्ही 'हिप हिप हुर्रे' नववीतच पाहत होतात, आणि तुमचं काही वाईट झालेलं मला दिसत नाही.

दुसरं असं, की तुमच्या मुलीला सगळं माहीत आहे. अहो, टीव्ही एकच आहे ना? ती नेटफ्लिक्स उघडते तेव्हा अर्धवट पाहिलेल्या भागांची रांग पडद्यावर येते. 'हार्टस्टॉपर'चं चित्र, त्याखाली तुम्ही कुठवर आलात ते दाखवणारी लाल रेघ. नववीतल्या मुलीच्या नजरेतून हे सुटणार नाही. वेगळं प्रोफाइल केलं असेल तर ते उघडायला तिला दोन सेकंद लागतात. म्हणजे आई काय पाहते हे तिला कळलंय, आणि आपण आलो की आई ते बंद करते हेही कळलंय. मालिका काही लपली नाही. मुलीपर्यंत एवढंच पोचलं, की प्रेमात पडणं, घाबरणं, कुणीतरी आवडणं हे विषय या घरात आपण समोर असताना चालत नाहीत. हे तिला शब्दांत कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही रोज संध्याकाळी बटण दाबून सांगता.

आणि तुम्ही बंद करता काय, ते तरी पाहा. 'हार्टस्टॉपर'!

तुम्हाला रडवणारा तो प्रसंग मलाही पाठ आहे. निक घरी येतो, चार्ली आपला मित्र नाही, बॉयफ्रेंड आहे, असं आईला सांगतो. मुली आवडतात तसे मुलगेही आवडतात, हे सांगताना त्याची जीभ अडखळते. आईचं काम करणारी ऑलिव्हिया कोलमन त्याला जवळ घेते, सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानते, आणि मग त्याची माफी मागते. मला सांगता येणार नाही असं तुला माझ्यामुळे कधी वाटलं असेल तर माफ कर, अशा अर्थाचं ती बोलते. माझ्या मते अख्ख्या पहिल्या सीझनचं मोल त्या माफीत आहे. तिनं मुलाला कधी रागावलेलं आपण पाहिलेलं नाही, काही निषिद्ध ठरवलेलंही पाहिलेलं नाही. तरी तिला शंका येते, की आपल्या वागण्यातून नकळत काहीतरी पोचलं असेल का?

हा प्रसंग तुम्ही डोळे पुसत पाहता, आणि दार वाजलं की त्यावर बातम्या लावता.

त्याच सीझनमध्ये आधी एक छोटा प्रसंग येतो. त्याच्याविषयी तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून आठवण करून देते. निक आणि आई सोफ्यावर बसून 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' पाहतात. आई सहज म्हणते, लहानपणी तुला ती हिरॉइन आवडायची. निक पडद्याकडे बघत राहतो, आणि आपल्याला हिरॉइनबरोबर हिरोही आवडतो हे त्याच्या ध्यानात येतं. आई काही विचारत नाही. तिला त्या क्षणी काही कळतही नाही. ती फक्त शेजारी बसलेली असते, टीव्ही चालू असतो. शेवटच्या भागात निकला जी हिंमत येते, ती अशा संध्याकाळींतूनही आली, असं माझं ठाम मत आहे. दिग्दर्शकानं तो सोफा उगाच दाखवलेला नाही.

तुमच्या मुलीला असंच काही सांगायचं आहे असं मी म्हणत नाही. कदाचित तिच्या मनात फक्त गणिताची चाचणी असेल, नाहीतर एखाद्या मैत्रिणीशी धरलेला अबोला. मला काय ठाऊक? पण मुलींची पत्रं माझ्याकडे येतात. प्रश्न काहीही असो, चौथ्या-पाचव्या ओळीत 'आईला सांगता येणार नाही' हे येतंच. आणि त्यांतल्या कितीतरी आया तुमच्यासारख्याच प्रेमळ असतात, हे पत्रातून दिसतं.

'बालक-पालक' आठवतो? रवी जाधवांचा, २०१३चा. चाळीतली एक ताई अचानक घर सोडून जाते, मोठी माणसं कुजबुजतात, 'तिनं शेण खाल्लं'. पोरं विचारतात, म्हणजे काय? एकही मोठं माणूस उत्तर देत नाही. मग ती विशू नावाच्या मुलाकडे जातात, आणि विशू त्यांना व्हिडिओ कॅसेटपर्यंत पोचवतो. तो सिनेमा पाहताना सगळे हसत होते. मला मात्र गप्प बसणाऱ्या मोठ्यांचा संताप येत होता.

'अ‍ॅडोलसन्स'ही तुम्ही पाहिली असेल. नसेल तर पाहा, २०२५ची आहे, चारच भाग. १३ वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. तपास करणारा अधिकारी शाळेत जातो, मुलांशी बोलतो, आणि त्या मुलीनं इन्स्टाग्रामवर टाकलेल्या चिन्हांचा साफ उलटा अर्थ लावून बसतो. त्याला वाटतं, दोघांची मैत्री होती. शेवटी त्याचा स्वतःचा मुलगा, जो त्याच शाळेत शिकतो, त्याला बाजूला घेऊन सांगतो, की बाबा, तुम्ही चुकताय, ही चिन्हं त्याला हिणवणारी आहेत. एवढा हुशार माणूस, हाताशी सगळी यंत्रणा, आणि किल्ली घरातल्या पोराकडे! त्या मुलानं यावं, सांगावं, एवढी जागा बापलेकांत कशीबशी उरलेली होती, म्हणून ते कळलं.

तुमच्या वाचनावरून, पाहण्यावरून मला दिसतं, की या वयाच्या मुलांबद्दल तुम्हाला खूप समजतं. अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या, आणीबाणीतल्या सगळ्या मुलांबद्दल समजतं. आणि आतल्या खोलीत बसलेल्या मुलीबद्दल अख्ख्या पत्रात दोनच गोष्टी लिहिल्यात, ती नववीत आहे आणि क्लासहून येते. तिला काय पाहायला आवडतं हे तुम्ही लिहिलं नाही. मला वाटतं, तुम्हाला ते माहीत नाही.

तर मी सांगते ते करा. येत्या शनिवारी, तिची क्लासहून यायची वेळ होते तेव्हा, 'हार्टस्टॉपर'च्या पहिल्या सीझनचा आठवा भाग लावा. मोबाइलवर नाही, हॉलमधल्या टीव्हीवर, आवाज नेहमीएवढा. दार वाजेल, ती आत येईल. रिमोटला हात लावायचा नाही. इतकंच करायचं आहे. आधी तिच्याशी बोलून घेऊ, तिच्या मनाची तयारी करू, असलं काही नको. 'शाळा' लावून सुरुवात करू, तो कसा सोज्वळ आहे, ही पळवाटही नको. जे लपवत होतात तेच उघड्यावर चालू राहायला हवं.

पडद्यावर दोन मुलं एकमेकांचं चुंबन घेतील. तेव्हा उठून पाणी प्यायला जाऊ नका. तिनं विचारलं, हे काय बघतेस, तर सांगा, मला फार आवडतं, दुसऱ्यांदा पाहतेय. रडू आलं तर रडा. का रडलात ते तिनं विचारलं तरच सांगा, आणि खरं सांगा. 'तुमच्या वर्गात असं कुणी आहे का?' हा प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका. त्या एका प्रश्नानं मालिकेची चौकशी होते, आणि मुली ते फार लवकर ओळखतात.

ती दप्तर टाकून सरळ खोलीत निघून गेली, तर हाक मारू नका. भाग संपेपर्यंत पाहा. सोमवारी दुसरं काहीतरी लावा, तेही असंच चालू राहू द्या. पंधरा दिवस गेले तरी चालतील. इतकी वर्षं लागलेली सवय आहे, ती तुमची एकटीची नाही, आता तिचीही झाली आहे. मिस्टर त्या वेळी घरात असतील तर असू द्यात. ते काही बोलले तर उत्तर मुलीसमोर द्या, 'मला आवडतं' एवढंच, आणि पडद्याकडे बघा.

कधीतरी ती येऊन बसेल आणि म्हणेल, 'आई, हे काय, मी सांगते ते लाव.' बहुधा कोरियन काहीतरी असेल, सोळा भागांचं. लावा. तुमची मतं मला लिहून पाठवा, मी आनंदानं वाचीन. तिच्यासमोर मात्र पहिले दोन भाग तिलाच बोलू द्या.