दरोड्याची सीरियल बंद कर, घरातली भांडणं बघ

बाय,

सीरियल बघून स्पॅनिश येतं का विचारलंस. येतं गं, क्रूझवरच्या रेस्टॉरंटात निभावण्यापुरतं नक्की, पण ती बँक लुटायची सीरियल आधी बंद कर, म्हणजे टाइमपास म्हणून बघ हवं तर, त्यात माणसं एकतर बंदूक रोखून ओरडतात नाहीतर शिव्या घालतात, त्यातलं तू गेस्टसमोर काय बोलणार? टेलिनोव्हेला बघ, म्हणजे त्यांच्या घरगुती सीरियल. सासू, सून, ऑफिस, शेजारी. आपली जस्सीची सीरियल आईला विचार, 2003 ची, ती मूळची कोलंबियाची, 'यो सोय बेत्ती, ला फेआ', 1999 सालची.

आणि देश एकच धर. बोगोटात अगदी जवळच्या माणसालाही 'उस्तेद' म्हणजे अहो-जाहो करतात, स्पेनमध्ये दुकानदार बिनधास्त 'तू'वर येतो, सगळ्यांची खिचडी केलीस तर कोणाला काय म्हणायचं तेच कळणार नाही. मी म्हणेन मेक्सिको घे. त्यांच्या सीरियलमध्ये बघ, आई किचनमधून हाक मारते, पोरगा 'मांदे?' म्हणतो, म्हणजे अदबीने 'काय गं आई?', चुकून नुसतं 'के?' म्हणजे 'काय?' म्हणाला की आईचे डोळे वटारलेच! असल्या जागी थांब, मागे घे, परत बघ, कोण कोणाला म्हणालं, कुठल्या सुरात, आणि मोठ्याने म्हणून बघ, घरचे हसले तर हसू देत. तीन मिनिटांचा सीन घोटलास तरी पुष्कळ झालं, रात्रभर एपिसोडवर एपिसोड लावलेस तर फक्त स्टोरी कळेल.

सबटायटल्स स्पॅनिशच ठेव. मात्र सीरियल मुळात स्पॅनिशच हवी, कोरियन वगैरे डब केलेली घेतलीस तर कानावर एक आणि खाली लिहिलेलं भलतंच असं खूपदा होतं, डोकं फिरतं.

उच्चाराचं टेन्शन नको, आपले त आणि द त्यांना चालतात, इंग्लिशवाला ट-ड तेवढा सोड. पणजीच्या फोंतेन्हासमधल्या आजींचं पोर्तुगीज मदतीला येईल पण जपून हं, गेस्ट जेवण 'एक्सकिसीतो' आहे म्हणाला तर खूश हो, मस्त झालंय म्हणतोय तो, पोर्तुगीजमध्ये तसाच शब्द विचित्र या अर्थाने आहे, आजी भलतंच सांगतील!

रविवारी दुपारी फोन कर, मी मेक्सिकन गेस्ट होतो, तू ऑर्डर घे. मेनू मी ठरवणार.

मामा
फोंडा