तो तुमचे पाय बघतोय
कुत्र्यांच्या शिकवणीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास आहे: 'त्याला सगळं कळतं, पण मुद्दाम ऐकत नाही.' हे वाक्य वाचलं की मला त्या कुत्र्याची बाजू घ्यावीशी वाटते. शिकवणीला येणारी इतकी कुत्री पाहिली, त्यांत मुद्दाम न ऐकणारं जवळपास सापडलंच नाही. न समजलेली, घाबरलेली, दुखत असलेली, किंवा आपण एक बोलतोय आणि अंगाने दुसरंच सांगतोय म्हणून गोंधळलेली कुत्री मात्र रोज भेटतात. खालची उत्तरं त्यांच्या वतीनेच लिहिली आहेत असं समजा.

प्रश्न: ताई, आमचा लॅब्रॅडॉर शेरू दोन वर्षांचा आहे. घरात 'ये' म्हटलं की धावत येतो. मैदानात पट्टा सोडला की दहा हाका मारल्या तरी ढुंकून बघत नाही. पकडून आणल्यावर मी चांगला रागावतो, तरी फरक नाही. हा हट्टीपणा कसा मोडावा?

उत्तर: आधी घरातच एक गोष्ट करून बघा. शेरूकडे पाठ करून उभे राहा आणि त्याला 'बस' म्हणा. मग जमिनीवर आडवे होऊन तेच म्हणा. शिकवणीच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला हे करायला लावते. बहुतेक कुत्री गोंधळून नुसती बघत राहतात, आणि 'आमच्याला बसायला येतं' असं छातीठोक सांगणारी माणसंही गप्प होतात. कुत्रा सुटा शब्द शिकत नाही. ती खोली, तुमचं समोर उभं राहणं, खिशाकडे जाणारा हात, किंचित पुढे झुकलेलं अंग, हे सगळं मिळून त्याच्यासाठी 'बस' असतं. शेरूचं 'ये' घरातलं आहे. मैदानातलं 'ये' त्याला अजून कुणी शिकवलेलंच नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मैदानात तो तुमच्याजवळ आल्यावर काय होतं? पट्टा लागतो, खेळ संपतो आणि वर बोलणी बसतात. कुत्रा परिणामाची सांगड त्या क्षणी जे चाललंय त्याच्याशी घालतो. पाच मिनिटांपूर्वी आपण हाक ऐकली नाही म्हणून हा राग आहे, असा हिशेब त्याला मांडता येत नाही. त्याच्यापुरता हिशेब सरळ आहे: मालकाच्या हाती लागलं की वाईट होतं. म्हणजे तुमच्या रागाने तो लांब राहायलाच शिकतोय. रागावणं आजपासून पूर्ण बंद करा.

'ये' हा शब्दही आता सोडून द्या. त्याला फार वाईट आठवणी चिकटल्या आहेत. नवा शब्द घ्या, किंवा शिट्टी. आठ-दहा मीटर लांब दोरी आणा आणि ती गळ्यातल्या पट्ट्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावा, कारण धावत्या कुत्र्याच्या मानेला बसलेला हिसका इजा करतो. सुरुवात रिकाम्या, कंटाळवाण्या जागी करा. हाक एकदाच मारायची आणि लगेच त्याच्यापासून दूर, उलट्या दिशेने चालू लागायचं. आपण कुत्र्याच्या दिशेने गेलो की तो पुढे पळतो, दूर गेलो की मागे येतो. इथे पाय शब्दापेक्षा मोठ्याने बोलतात. जवळ आला की त्याला मनापासून आवडणारा मऊ खाऊ, अगदी लहान तुकडे, एकामागून एक चार-पाच द्या. त्याचा रोजचा कोरडा आहार मैदानातल्या वासांपुढे टिकणार नाही. खाऊ देताना दुसऱ्या हाताने गळ्यातला पट्टा हलकेच धरा, सोडा आणि 'जा' म्हणून पुन्हा मोकळं करा. दहातल्या नऊ वेळा असंच मोकळं करायचं. येणं म्हणजे खेळ संपणं नाही, हे त्याला पटायला दुसरा रस्ता नाही.

तो एखाद्या वासात पूर्ण बुडालेला असेल तेव्हा हाक मारूच नका. न ऐकलेली प्रत्येक हाक शब्द बोथट करते. अशा वेळी दोरी गुंडाळत त्याच्यापर्यंत जा, लक्ष वेधा, थोडं अंतर घ्या आणि मग बोलवा. दोरी काढायची घाई नको. काही महिने लागतील, लागू देत.

प्रश्न: आमचा कुत्रा जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. माझे दीर म्हणतात, त्याला उताणा पाडून दाबून धरायचं, म्हणजे घरात मोठं कोण ते त्याला कळेल. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका.

कुत्र्यावर वर्चस्व गाजवलं पाहिजे, या समजामागे लांडग्यांवरचं जुनं संशोधन आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिवासातल्या लांडग्यांची निरीक्षणं मांडली. एकत्र कोंडलेले ते लांडगे एकमेकांशी सत्तेसाठी झगडत होते. पुढे डेव्हिड मेक यांनी जंगलातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की जंगलातला कळप हे बहुधा एक कुटुंब असतं. आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोज मारामारी चालत नाही. स्वतः मेक यांनीच १९७० च्या आपल्या पुस्तकात 'अल्फा', म्हणजे झगडून कळपाचा म्होरक्या झालेला लांडगा, ही कल्पना वापरली होती आणि नंतर ती मागे घ्यावी म्हणून धडपड केली, याचं मला फार मोल वाटतं. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, ही गोष्ट वेगळीच.

गुरगुरणं ही सूचना आहे. 'मला भीती वाटतेय, जवळ येऊ नका' एवढंच तो म्हणतोय. दाबून धरून ही सूचना बंद पाडली, तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. त्याऐवजी तो खात असताना इतक्या लांबून जा, की त्याचं अंग सैल राहील. तिथून भांड्याच्या दिशेने त्याच्या जेवणापेक्षा चविष्ट असा एक तुकडा टाका आणि निघून जा. माणूस जवळ आलं की काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला कळू द्या. अंतर अनेक दिवसांत थोडं थोडं कमी करा. तो खाणं थांबवून ताठ झाला तर तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. लहान मुलांना या कामात अजिबात घेऊ नका. गुरगुरणं अचानक सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्यांकडून दात आणि पोट तपासून घ्या. दुखणारा कुत्रा असाच वागतो. आणि एकदा जरी चावला असेल, तर या पत्रावर विसंबू नका, अनुभवी प्रशिक्षकाला घरी बोलवा.

प्रश्न: क्लिकर घ्यायलाच हवा का?

उत्तर: नाही. क्लिकर म्हणजे बोटाने दाबली की 'टक्' वाजणारी छोटी डबी. तिचं काम म्हणजे 'आत्ता केलंस ते बरोबर' हा क्षण नेमका पकडणं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याकडे शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने १९४० च्या दशकात प्राणी शिकवताना अशा आवाजाचा उपयोग सुरू केला. 'येस'सारखा एखादा छोटा, नेहमी त्याच सुरात उच्चारलेला शब्दही चालतो. आवाज आधी, मग हात खिशाकडे. बहुतेक लोकांचा हात आधी जातो, आणि कुत्रा काम सोडून हाताकडेच बघायला शिकतो.

प्रश्न: माझी राणी ७ महिन्यांची आहे. सोफ्यावरून सहज उड्या मारते. तिला आत्ताच अजिलिटीच्या, म्हणजे मालकासोबत धावत अडथळे पार करायच्या कुत्र्यांच्या खेळातल्या, उड्या शिकवल्या तर पुढे स्पर्धेत फायदा होईल ना?

उत्तर: शिकवणी आत्ताच सुरू करा, उड्या नकोत. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ पट्टे असतात, तिथूनच हाड लांब होतं. हे पट्टे साधारण वर्ष ते दीड वर्षापर्यंत भरतात, मोठ्या जातींत अधिक उशिरा. त्याआधी पुन्हा पुन्हा उंचावरून आदळणं सांध्यांना आयुष्यभर महागात पडू शकतं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अजिलिटी स्पर्धांत १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला उतरता येत नाही ते उगाच नाही. खांबांच्या रांगेतून नागमोडी धावणंही तोवर थांबवा, त्यात पाठीचा कणा फार पिळवटतो.

या वयात जमिनीवरचं इतकं काही शिकवता येतं की मला या महिन्यांचा हेवा वाटतो. जमिनीवर टेकवलेल्या काठ्यांवरून पाय मोजून टाकणं. एका खांबाला वळसा घालून तुमच्याकडे परतणं. आखूड, सरळ बोगद्यातून जाणं. सुटायच्या रेषेवर तुम्ही पुढे निघून गेलात तरी शब्द येईपर्यंत थांबणं. आणि मागचे पाय! कित्येक कुत्र्यांना आपल्याला मागे दोन पाय आहेत याचा पत्ताच नसतो. पुढचे पाय एका बुटक्या पाटावर ठेवायला लावून मागच्या पायांनी गोल फिरायला शिकवा. पुढे उताराच्या फळीवर हेच तिला सावरेल. गुळगुळीत फरशीवर मात्र काहीच करू नका, आणि सोफ्याखाली जाड गालिचा टाका.

प्रश्न: आम्ही वर्षभर अजिलिटी शिकतोय. अडथळ्यांची नावं मॅगीला पाठ आहेत. पण मी 'उडी' ओरडते आणि ती शेजारच्या बोगद्यात शिरते. स्पर्धेत त्यामुळे दोनदा बाद झालो. तिचं लक्ष कसं वाढवू?

उत्तर: मॅगीचं लक्ष भरपूर आहे. ती तुमच्याकडेच बघत होती, म्हणून बोगद्यात गेली.

कुणाला तरी तुमच्या धावण्याचं चित्रण करायला सांगा आणि आवाज बंद करून बघा. मॅगीकडे न बघता स्वतःच्या पायांकडे, मग खांद्यांकडे बघा. माझा अंदाज असा, की 'उडी' म्हणताना तुमची पावलं बोगद्याकडे होती, किंवा उडीच्या आधीच तुम्ही थबकलात. धावणारा कुत्रा आधी तुमची गती बघतो, मग पावलांची आणि खांद्यांची दिशा, मग हात. शब्द बराच मागून येतो.

हा खेळ १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या श्वान-प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला, तो घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून बेतलेला. पण घोडेस्वाराचं वजन, मांड्या, लगाम घोड्याला लागतात. आपल्याला कुत्र्याला हात लावायचा नसतो, पट्टा नसतो, रिंगणात खाऊ नसतो. उरतं ते फक्त आपलं धावतं शरीर. या खेळात मला सगळ्यात आवडतं ते हेच.

वेळेचाही विचार करा. उडीनंतर वळायचं असेल तर ते मॅगीला जमीन सोडण्याआधी कळायला हवं, कारण पाय उचलताना तिने अंगाचा झोक ठरवलेला असतो. हवेत असताना ओरडलात तर ती लांब उतरते, आणि उतरल्यावर समोर काय असतं? बोगदा. त्याचं काळं तोंड कुत्र्यांना विलक्षण खेचतं.

सरावासाठी दोन कामं सांगते. मॅगीशिवाय मार्ग चालून बघताना नुसती अडथळ्यांची क्रमवारी घोकू नका. ती कुठे असेल तेव्हा मी कुठे असेन, कोणत्या बाजूला, कधी वळेन, हे पावलांनी ठरवा आणि त्याच वेगाने दोनदा धावून घ्या. मग तीन अडथळ्यांची रांग लावून एक शब्दही न बोलता मॅगीला पळवा. जिथे ती चुकीची जाईल तिथे थांबून तुमचे पाय कुठे वळलेत ते पाहा. तिला 'नाही' म्हणू नका. तिने तुमचंच ऐकलंय. आणि धावणं छोटं ठेवा. कुत्र्याला थंड व्हायला मुख्यतः धापच असते, जीभ रुंद होऊन लोंबू लागली की त्या दिवसाचं काम संपलं.

प्रश्न: आमचा बिट्टू अजिलिटीतल्या सीसॉवर एकदा घाबरला. आता फळी दिसली की लांब पळतो. पट्टा धरून नेऊ का?

उत्तर: मुळीच नाही. ओढून नेलेल्या कुत्र्याची भीती फळीवरून तुमच्यावर सरकते.

सीसॉमध्ये दोन भीती एकत्र असतात, पायाखालची हालचाल आणि टोक आपटल्याचा आवाज. त्या वेगळ्या काढा. एक फळी खाली पातळ गादी घालून जवळपास जमिनीवर ठेवा, ती जेमतेम डुगडुगेल इतकीच. बिट्टूने पंजा ठेवला की बक्षीस, स्वतःहून उतरला तरी हरकत नाही. आवाजासाठी वेगळा खेळ: सीसॉचं टोक जमिनीपासून चार बोटं वर धरा आणि त्याला स्वतः पंजाने ते खाली दाबू द्या. आवाज आपणच केला हे कळलं की कुत्रा धीट होतो. मी कितीतरी भित्री कुत्री या एका खेळाने खुललेली पाहिली आहेत. उंची आणि आवाज एकाच दिवशी वाढवू नका. तो फळीपासून तोंड फिरवत असेल, ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, तर तिथेच थांबा.

प्रश्न: आमची ९ वर्षांची कुत्री आता पूर्ण बहिरी झाली आहे. तिला काही शिकवता येईल का?

उत्तर: येईल, आणि कदाचित तुमच्या अपेक्षेपेक्षा लवकर. हाताच्या खुणा कुत्र्यांना शब्दांपेक्षा सोप्या जातात, आणि तिने तर आयुष्यभर तुमच्या हातांकडेच बघितलंय. 'बरोबर' यासाठी अंगठा वर करा आणि मागोमाग खाऊ द्या, आठवडाभरात तिला अर्थ कळेल. प्रत्येक आज्ञेला एकच खूण ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तीच वापरायची. तिने आपणहून तुमच्याकडे पाहिलं की दर वेळी बक्षीस द्या, कारण तिची नजर तुमच्याकडे नसेल तर तुम्ही तिला बोलावूच शकत नाही. झोपेत असताना अंगाला हात लावू नका. नाकाजवळ तळहात न्या किंवा शेजारची जमीन थोपटा, म्हणजे ती दचकणार नाही. बाहेर दोरी कायम राहू द्या. उड्या नकोत, पण पशुवैद्यांनी सांधे तपासून हरकत नाही म्हटलं तर जमिनीवरच्या काठ्या, खांबाला वळसा, आखूड बोगदा, हे सगळं तिच्या वेगाने चालेल. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी तुम्ही वाकून दिसत राहा.