वाचकांचे प्रश्न : नाताळची बिस्किटे, जुन्या वहीतली

प्रश्न : माझी आजी मूळची बार्देशातली, लग्नानंतर ती मुंबईत आली. तिच्या १९५० च्या सुमाराच्या वहीत बोलिनासची, म्हणजे रवा-नारळाच्या बिस्किटांची, कृती एवढीच आहे : ‘रवा अर्धा शेर, साखर अर्धा शेर, नारळ एक, अंडी चार, लोणी दोन छटाक, भट्टी मंद.’ हे आजच्या मापात कसे बसवावे?
– एक वाचक, माहीम

उत्तर : वहीत छटाकाचा उल्लेख असल्यामुळे येथे मापाचा नव्हे, तर वजनाचा शेर अभिप्रेत असावा. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो आणि त्याचा सोळावा भाग असलेला छटाक सुमारे ५८ ग्रॅम. वजनमापांच्या १९५६ च्या कायद्यानंतर किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने रुळला, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक वह्यांना हा हिशेब लावावाच लागतो. आजच्या लहान कुटुंबासाठी ही कृती निम्मी करावी : रवा २३० ग्रॅम, अर्धा नारळ खवून, लोणी ५५ ते ६० ग्रॅम, चवीपुरती वेलची आणि चिमूटभर मीठ. साखर हिशेबाने २३० ग्रॅम येते, पण आजच्या जिभेला २०० ग्रॅम पुरे. अंड्यांबाबत मात्र सरळ भागाकार करू नये. तेव्हाची गावरान अंडी ४० ग्रॅमच्या आसपास असत, तर आज दुकानात मिळणारे अंडे ५० ते ५५ ग्रॅमचे असते. म्हणून दोन पिवळे बलक आणि एकच पांढरा घ्यावा, नाहीतर पीठ सैल होऊन बिस्किटे पसरतात.

कृतीचा जो भाग आजीने लिहिला नाही, कारण तिला तो लिहिण्याची गरजच वाटली नसणार, तोच खरा महत्त्वाचा आहे. जाड रवा रंग न बदलू देता मंद आचेवर भाजून घ्यावा. साखरेत साधारण १०० मिली पाणी घालून पाक बोटांना चिकट लागू लागला, की त्यात पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये भरड वाटलेला नारळ चार-पाच मिनिटे शिजवावा. मग रवा, लोणी आणि मीठ घालून मिश्रण कडा सोडेपर्यंत ढवळावे. ते पूर्ण गार झाल्यावरच बलक, फेसलेला पांढरा आणि वेलची मिसळावी आणि झाकण ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. रात्रीतून रवा ओलावा पिऊन फुगतो. ही पायरी गाळली तर बिस्किटे कडेने तडकतात आणि आत कचकचीत लागतात. सकाळी लिंबाएवढे गोळे किंचित चपटे करून, वर काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढून, १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजावेत. ‘भट्टी मंद’ म्हणजे पाव काढून झाल्यानंतरची उतरती आच. घरच्या ओव्हनचा वरचा भाग जास्त तापत असेल, तर १७० अंश ठेवून पाच मिनिटे वाढवावीत. तळ सोनेरी झाला की बिस्किटे झाली असे समजावे, मग वरचा रंग फिका असला तरी चालेल.

अलीकडे यात बदामाची पूड आणि काजू घालण्याची पद्धत निघाली आहे. त्याने खर्च वाढतो आणि नारळाची चव मागे पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या घरी अंडे चालत नाही आणि लोणी परवडत नाही. नानकटाई तेलात किंवा वनस्पती तुपात केली तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तेलात करू नये. थिजलेले तूप साखरेबरोबर फेसताना त्यात हवा अडकते आणि तिच्यामुळेच नानकटाई फुलते व खुसखुशीत होते; तेलात ती हवा टिकत नाही, म्हणून बिस्किट चपटे आणि कडक होते. वनस्पती तुपाने पोत छान येतो, स्वाद मात्र येत नाही. जानेवारी २०२२ पासून वनस्पतीतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी मी निम्मे वनस्पती आणि निम्मे घरचे साजूक तूप असे सुचवेन. सायीचे तूप घरात निघतच असते आणि वास त्याचाच पुढे येतो. प्रमाण असे : मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, एकूण तूप १२५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, एक चमचा दही, चिमूटभर सोडा आणि जायफळ. पाणी अजिबात घालू नये. वहीत लोणी लिहिलेले असेल आणि तूप वापरायचे असेल, तर १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप पुरते, कारण लोण्याचा जवळजवळ पाचवा भाग पाणीच असतो.

प्रश्न : ओव्हन नसताना काय करावे?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : जाड बुडाच्या कढईत बोटभर जाडे मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, घट्ट झाकण लावून ती दहा मिनिटे तापवावी, मग ताटली आत ठेवून आच मंद करावी. नानकटाईला यात २० ते २५ मिनिटे लागतात. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजू नये. गार झाल्यावर ती कडक होते. त्याहून स्वस्त उपाय आपल्याकडे पूर्वापार होता : पीठ, साखर, तूप घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून, डबे भरून घरी आणायचे. मुंबईत आणि गोव्यात नाताळचे केकसुद्धा असेच भाजून आणत. अजूनही काही बेकऱ्या ट्रेमागे थोडे पैसे घेऊन हे काम करतात. दुपारी पावाची गर्दी ओसरल्यावर विचारावे आणि सगळी बिस्किटे एकाच जाडीची वळून न्यावीत, म्हणजे कडेची करपत नाहीत आणि मधली कच्ची राहत नाहीत.