'कान्ट रिअली' की 'रिअली कान्ट'?

प्रश्न असा आहे : 'आय कान्ट रिअली से' आणि 'आय रिअली कान्ट से' ही दोन्ही वाक्यं इंग्रजीत सर्रास ऐकू येतात. मग 'आय प्रॉबॅब्ली कान्ट कम' चालतं, पण 'आय कान्ट प्रॉबॅब्ली कम' का चालत नाही? व्याकरणाच्या पुस्तकात तर सरळ लिहिलेलं असतं की क्रियाविशेषण पहिल्या सहायक क्रियापदानंतर घालावं. जोडीला आणखी एक शंका आहे : 'मे वेल'मधल्या 'वेल'चा अर्थ काय लावायचा?

पुस्तकातला नियम खोटा नाही, अर्धा आहे. होकारार्थी वाक्यात तो बहुतेक वेळा निभावून नेतो. 'शी विल प्रॉबॅब्ली कम', 'यू शुड ऑल्वेज आस्क', 'दे मे सून लीव्ह' ही वाक्यं डोळे मिटून लिहावीत. गोम आहे ती 'नॉट'मध्ये. बोलण्यात हा 'नॉट' मोडल क्रियापदाला, म्हणजे कॅन, विल, शुड, मे, मस्ट यांसारख्या सहायक क्रियापदाला, चिकटतो आणि कान्ट, वोन्ट, शुडन्ट असे जोडशब्द तयार होतात. आता क्रियाविशेषणाला त्यांच्या आधी बसायचं की नंतर, हे ठरवणं आलं. आधी बसलं तर ते नकाराच्या कचाट्यातून सुटतं. नंतर बसलं तर नकार बहुधा त्याच्यावरच येऊन पडतो.

'आय रिअली कान्ट से' म्हणजे मला सांगता येत नाही, आणि हे मी अगदी खरं बोलतोय. 'आय कान्ट रिअली से' म्हणजे खात्रीने असं काही सांगता येत नाही. थोडंफार सांगता येईलही. म्हणून दुसरं वाक्य मवाळ लागतं आणि अडचणीचा प्रश्न टाळायला लोक तेच वापरतात. मराठीत 'नक्की सांगता येणार नाही' आणि 'नक्कीच सांगता येणार नाही' यांत असाच फरक आहे. आपण जे काम 'च'कडून करून घेतो, ते इंग्रजी जागेकडून करून घेते.

'सिम्प्ली'मध्ये हा फरक आणखी धारदार होतो. 'यू कान्ट सिम्प्ली वॉक आउट' : असं नुसतं उठून चालू पडता येत नाही, आधी कुणाला तरी सांगावं लागेल, काही सोपस्कार आहेत. 'यू सिम्प्ली कान्ट वॉक आउट' : जायचं नाही म्हणजे नाही. पहिल्यात जायला वाट आहे, दुसऱ्यात दार बंद. 'जस्ट'चंही हेच.

माझी आवडती जोडी मात्र 'स्टिल'ची. 'ही स्टिल कान्ट ड्राइव्ह' म्हणजे त्याला अजूनही गाडी चालवता येत नाही. 'ही कान्ट स्टिल बी अस्लीप' म्हणजे तो अजून झोपलेला असणं शक्यच नाही. पहिल्या वाक्यात 'स्टिल' बाहेर आहे, म्हणजे न येणं टिकून आहे. दुसऱ्यात ते आत आहे. झोपलेलं असणं टिकून आहे ही कल्पनाच बोलणारा उडवून लावतो. शिवाय पहिला 'कॅन' अंगातल्या कुवतीचा आणि दुसरा तर्काचा. एवढा सगळा फरक दोन शब्दांच्या क्रमात दिसतो, आणि तरीही अभ्यासक्रमात 'स्टिल' म्हणजे 'अजून' एवढं सांगून पुढचा धडा सुरू होतो.

आता 'प्रॉबॅब्ली'. हा शब्द कृतीबद्दल काही सांगत नाही. अख्ख्या विधानावर बोलणाऱ्याने लावलेला तो अंदाज असतो, आणि आपणच करत असलेला अंदाज त्याच वाक्यात नाकारायचा कसा? मराठीतही 'बहुधा येणार नाही' म्हटल्यावर 'येणं' नाकारलं जातं, 'बहुधा' नाही. म्हणून 'प्रॉबॅब्ली' नेहमी नकाराच्या बाहेर : 'प्रॉबॅब्ली कान्ट', 'प्रॉबॅब्ली वोन्ट'. पडताळा हवा असेल तर 'नॉट'ला मोडलपासून सोडवून पाहा. 'आय विल प्रॉबॅब्ली नॉट कम' हे वाक्य बिनधास्त चालतं, कारण मोडलच्या मागे गेलं तरी 'प्रॉबॅब्ली' 'नॉट'च्या आधीच आहे. म्हणजे अडचण मोडलची नव्हतीच.

'पॉसिब्ली' या शिस्तीत बसत नाही असं वाटेल, कारण 'आय कान्ट पॉसिब्ली अ‍ॅक्सेप्ट धिस' अगदी रुळलेलं आहे. पण तिथे 'पॉसिब्ली'चा अर्थ 'कदाचित' नसून 'कोणत्याही परिस्थितीत' असा होतो. घ्यावं असं मनात आलं तरी घेता येणार नाही, इतका ठाम नकार. त्याला 'कदाचित मला हे घेता येणार नाही' असं समजून घेतलं तर गोंधळ ठरलेला.

मोडल आणि क्रियाविशेषण एकाच गोष्टीची री ओढू लागले तर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. 'ही मे पॉसिब्ली नो' यात शक्यता दोनदा आली, पण 'शक्यता असण्याची शक्यता' असा अर्थ कुणी काढत नाही. आपल्या 'कदाचित येऊ शकेल'सारखंच ते. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ साली अशा जोड्यांना 'हार्मोनिक', म्हणजे सूर जुळलेल्या, म्हटलं. 'मस्ट सर्टनली' हीसुद्धा तशीच जोडी. सूर जुळला नाही तर मजा येते. 'यू मे सर्टनली लीव्ह' यात 'सर्टनली'शेजारी शंकेचा 'मे' टिकत नाही, तो परवानगीचा होतो : खुशाल जा. मोडलचा कोणता अर्थ घ्यायचा, हे शेजारी ठरवून टाकतो.

'ऑल्वेज'चाही असाच चकवा आहे. 'यू कॅन ऑल्वेज रिटर्न इट' याचा 'नेहमी परत कर'शी संबंध नाही. नाहीच पटलं तर परत करायची सोय आहे, एवढंच.

'वेल'कडे येऊ. 'शी मे वेल रिफ्यूज' म्हणजे ती नकार देण्याची बरीच शक्यता आहे. इथे 'वेल' चांगलेपणा सांगत नाही, शक्यतेचं वजन वाढवतो. या अर्थाने तो 'मे', 'माइट', 'कुड' यांच्याबरोबर नांदतो. 'मस्ट वेल' असं मात्र होत नाही, कारण 'मस्ट'ने आधीच खात्री दिलेली असते. 'मे अ‍ॅज वेल' ही वेगळीच चीज : दुसरं काही बरं सुचत नाही, तर हेच करावं. आणि 'आय कान्ट व्हेरी वेल रिफ्यूज' म्हणजे नाही म्हणायला मला अडचण कसलीच नाही, पण ते बरं दिसणार नाही. भिडेसाठी इतका नेमका शब्दप्रयोग इंग्रजीत दुसरा मला दिसलेला नाही.

मोडल आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घालूच नये, असं मानणारा एक पंथ अमेरिकेत आहे. त्याला ना वापराचा आधार, ना व्याकरणाचा. २० जानेवारी २००९ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामांना शपथ देत होते. राज्यघटनेतले शब्द आहेत 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट'. रॉबर्ट्स यांच्या तोंडून 'फेथफुली' वाक्याच्या शेवटी गेलं आणि ओबामा मध्येच थबकले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली गेली. मध्ये शब्द न घालण्याच्या या सवयीनेच घात केला असावा, असा तर्क भाषेचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा मांडला होता. रॉबर्ट्स यांच्या मनातलं कोण सांगणार, पण तर्क मला पटतो.

एका जागी मात्र होकारार्थी वाक्यातही पुस्तकी नियम मोडावाच लागतो. 'विल यू कम?' याला 'आय सर्टनली विल' असं उत्तर येतं. 'आय विल सर्टनली' म्हणून थांबलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो, कारण मोडलनंतरचं क्रियाविशेषण पुढच्या क्रियापदावर टेकलेलं असतं आणि इथे ते क्रियापदच गाळलेलं आहे. 'यू रिअली शुड', 'आय नेव्हर कुड' ही छोटी उत्तरं याच साच्यातली.

सहायक क्रियापदं दोन झाली की अंदाजाचं क्रियाविशेषण पहिल्यालगत शोभतं : 'यू शुड प्रॉबॅब्ली हॅव आस्क्ड'. 'शुड हॅव प्रॉबॅब्ली' बोलण्यात ऐकू येतं, पण लिहिताना पहिलंच घ्यावं. कृती कशी झाली हे सांगणारं क्रियाविशेषण मात्र कृतीजवळ जातं : 'इट मस्ट हॅव बीन केअरफुली प्लॅन्ड'. तिथे 'मस्ट केअरफुली हॅव बीन' लिहिलं तर आखणी काळजीपूर्वक झाली की तर्क काळजीपूर्वक केला, असा प्रश्न पडेल.