बी.ए.नंतर पुन्हा ‘बॅचलर’?

प्रिय मुली,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली साडेतीन पानं थिऑलॉजीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या, कॉलेजांच्या माहितीपत्रकांवर आणि अर्धं पान पाचारणावर, देव सेवेला बोलावतोय यावर. मला ते प्रमाण आवडलं. पाचारणावर चार पानं लिहिणारी मुलं मी बरीच पाहिली. त्यांतली निम्मी मुलं फी किती ते विचारायला विसरतात.

आधी तुझ्या वडिलांची शंका. ‘बी.ए. झालंय, मग पुन्हा बॅचलर कशाला? त्यापेक्षा एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) कर, नावात मास्टर तरी आहे.’ शंका रास्त आहे, पण नावावर जाऊ नये. बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, हे जुन्या वळणाचं नाव. अमेरिकेतही पाळकाच्या पदवीला पूर्वी बी.डी.च म्हणत, पुढे तिथल्या सेमिनऱ्यांनी (पाळक घडवणाऱ्या कॉलेजांनी) तिचं एम.डिव्ह. केलं. आपल्याकडे सेरामपूर कॉलेजने जुनंच नाव ठेवलं, एवढीच गोष्ट. जुना करार, नवा करार, मंडळीचा (चर्चचा) इतिहास, सिद्धांत, इतर धर्म, समुपदेशन, उपदेश कसा करावा, हे सगळं दोन्हीकडे आहे. तेव्हा मास्टर की बॅचलर हा वाद घरात मिटवून टाका.

खरा प्रश्न वेगळा आहे. ही पदवी घेऊन तू कोणाच्या दारात उभी राहणार? ते दार कुठली पदवी मानतं?

सेरामपूरचं वजन कुठून आलं ते माहीत असू दे. कलकत्त्याजवळच्या त्या गावी १८१८ मध्ये केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये पदव्या द्यायची सनद मिळाली ती डॅनिश राजाकडून. पुढे १९१८ चा स्वतंत्र कायदा झाला, आणि आज देशभरातली कितीतरी थिऑलॉजिकल कॉलेजं तिथल्या, पदव्या देणाऱ्या सिनेटशी जोडलेली आहेत. (याच केरीने १८०५ मध्ये बंगालमध्ये बसून मराठीचं व्याकरण छापलं. हे मी दर वर्षी कुणाला तरी सांगतो, आणि दर वर्षी ते कुणाला तरी खोटं वाटतं.) आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या जुन्या मंडळ्यांत दीक्षेची, म्हणजे पाळकपदावर नेमलं जाण्याची, वाट शक्यतो या बी.डी.वरूनच जाते. आपल्याकडच्या एम.डिव्ह. देणाऱ्या पुष्कळ सेमिनऱ्यांना आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते. अभ्यास तिथेही कसून घेतात, वर्षही सहसा एखादं कमी लागतं, आणि स्वतंत्र मंडळ्या, मिशनसंस्था ती पदवी आनंदाने घेतात. पण उद्या तुला डायोसिसमध्ये (बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) दीक्षा हवी झाली किंवा सेरामपूरच्या एम.टीएच.ला (मास्टर ऑफ थिऑलॉजी) बसायचं झालं, तर हीच पदवी दाखवल्यावर ‘आधी अमुक पूर्ण करा’ असं ऐकावं लागू शकतं. म्हणून कॉलेजला फोन करण्याआधी बिशपच्या कार्यालयात जा. तोंडी होकारावर विसंबू नकोस, लेखी घे. माणसं बदलतात, कागद फायलीत राहतो.

आणखी एक कागद आहे, माहितीपत्रकात तो बारीक अक्षरात असतो: मंडळीचं शिफारसपत्र. सेमिनरीत दोन प्रकारची मुलं असतात. काही मंडळीने पाठवलेली, काही आपली आपण आलेली. वर्गात फरक दिसत नाही. शेवटच्या वर्षी मात्र पाठवलेल्यांना नेमणुकीचं गाव कळतं आणि बाकीचे अर्ज लिहीत बसतात. उलट बाजूही ऐक. ज्या डायोसिसने पाठवलं तिथे परत येऊन काही वर्षं सेवा द्यावी लागते, आणि ती तू मागशील त्या गावी नसते. माझी पहिली नेमणूक झाली तिथे पहिले तीन महिने मानधनच आलं नव्हतं. गावातल्या एका विधवा बाईने रोज भाकरी पाठवली म्हणून निभावलं. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

तू मुलगी आहेस म्हणून तिसरी चौकशी. आमच्या मंडळीत स्त्रियांना दीक्षा मिळते. सगळ्याच मंडळ्यांत मिळत नाही. कॅथलिकांत सिस्टर आणि प्रापंचिक बायका पुण्याच्या ज्ञानदीपमध्ये थिऑलॉजी शिकतात, पण याजकपद त्यांना नाही. काही स्वतंत्र मंडळ्यांत स्त्रीने वेदीवरून उपदेश केलेलाही चालत नाही. तुझ्या काकूंची मंडळी कुठली आहे ते मला माहीत आहे. तिथूनच पाठवायचं म्हणत असतील, तर चार वर्षं घालवण्याआधी हे एक वाक्य सरळ विचार: ‘मला दीक्षा द्याल का?’ उत्तर द्यायला फार वेळ लागला, तर तेच उत्तर समज.

आता तुझं दुसरं मन. तू लिहितेस की खरी ओढ इस्पितळातल्या रुग्णांजवळ बसण्याची आहे, आणि म्हणून समुपदेशनात एम.ए. करावं की काय. हा विचार मला माहितीपत्रकांपेक्षा जास्त खरा वाटला. मानसशास्त्राचं एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. वाईट नाही. नोकरी मिळते, आणि ती मंडळीच्या मर्जीवर नसते. पण इस्पितळात चॅप्लिन, म्हणजे तिथला पाळक, म्हणून उभं राहायचं, प्रभुभोजन द्यायचं, तर दीक्षा लागतेच. त्या वाटेने जायचं असेल तर बी.डी. कर आणि नंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सी.एम.सी.) चॅप्लिनांसाठी रुग्णसेवेचं जे प्रशिक्षण असतं ते घे. तिथे वॉर्डात बसवतात, आणि रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून लिहून काढायला लावतात. आपण किती बोललो आणि समोरचा किती, ते कागदावर दिसतं. आपण पाळक लोक लाजतो ते वाचून.

चुलतभावाने न्यू जर्सीहून पाठवलेल्या पत्रकाविषयी थोडक्यात: तिकडे एम.डिव्ह. तीन वर्षांची, पाळकांसाठी. दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.टी.एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) अभ्यासकांसाठी. परत येऊन नगर जिल्ह्यात काम करायचं असेल तर यांतलं काहीच आत्ता नको. एम.टीएच.चंही तेच. ती शिकवू इच्छिणाऱ्यांची पदवी आहे आणि बी.डी.चे गुण त्यासाठी बघतात, तेव्हा गुण सांभाळ, पण मध्ये चार-पाच वर्षं मंडळीत काढ.

का म्हणतो ते सांगतो. सेमिनरीत मी पुनरुत्थानावर मोठा निबंध लिहिला होता, चांगले गुण पडले होते. नेमणुकीनंतर जुलै महिन्यात पहिली मयत झाली. काळी जमीन, वरून पाऊस. कबरीजवळ पोचलो तर आत गुडघाभर पाणी. दोन माणसं घमेल्याने उपसत होती, तितकंच कडेने झिरपत होतं. मी पुस्तकातली विधीची प्रार्थना वाचून संपवली आणि गप्प उभा राहिलो. शवपेटी तशीच खांद्यांवर. मंडळीतले एक वडील हळूच जवळ आले नि म्हणाले, ‘पाळकसाहेब, गीत धरा. पाणी निघेपर्यंत थांबायचं नाही.’ मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक गीत धरलं, ते संपल्यावर दुसरं, मग तिसरं. तिसऱ्याला माझा आवाज गेला आणि बायकांनी पुढे उचललं. ती सगळी गीतं मला लहानपणापासून पाठ होती. सेमिनरीत आम्ही चार वर्षं इंग्रजीतच गात होतो.

म्हणून कॉलेज निवडताना माझी एक हट्टी कसोटी आहे. बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल नावाजलेलं आहे, १९१० पासूनचं. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालेली, १९८३ पासून बिबवेवाडीत. वर्ग इंग्रजीतच चालतात. पण पुण्यात राहिलीस तर दर रविवारी मराठी उपासनेला उभं राहता येईल, फील्डवर्क मराठी मंडळीत मागून घेता येईल. बंगळुरूला गेलीस तर ग्रंथालय मोठं मिळेल आणि मराठी मंडळी तुझी तुलाच शोधावी लागेल. मी पुणे म्हणेन. तुला बंगळुरू वाटलं तर भांडणार नाही.

आणि हिब्रू, ग्रीक टाळू नकोस. पर्याय दिला की मुलं सोपा विषय घेतात. पंडिता रमाबाईंनी केडगावात मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळून या दोन्ही भाषा शिकल्या आणि अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. छपाई तिथल्याच बायकांनी केली. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर हे काम चालू होतं. थिऑलॉजीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तुझ्या वडिलांना हे मात्र सांगू नकोस, ते म्हणतील मग पदवी तरी कशाला.

पुढच्या आठवड्यात घरी ये. शनिवारी नको, रविवारची तयारी असते. माझं हिब्रूचं जुनं व्याकरण माळ्यावर आहे. मागची पानं वाळवीने खाल्लीत, पण क्रियापदं शाबूत आहेत. येताना बिशपच्या कार्यालयाला लिहायच्या पत्राचा कच्चा मसुदा आण, मराठीत.

तुझा,
पाळकसाहेब