इंग्लंडमधलं घर विकताना बॉयलर बसवल्याचं सर्टिफिकेट सापडत नसेल तर काय करावं?

आधी उत्तर देते: एवढ्या एका कागदापायी व्यवहार सहसा मोडत नाही. मात्र काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन करून विचारायचा जो सल्ला तुम्हाला मित्राने दिलाय, तो आज अजिबात अमलात आणू नका. कारण पुढे येईलच.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर मिल्टन कीन्सला. 2018 मध्ये तुम्ही तिथे नवा कॉम्बी बॉयलर (नळाचं गरम पाणी आणि घराचं हीटिंग दोन्ही करणारा गॅसचा बॉयलर) बसवला, पुढच्या वर्षी पुण्याला परत आलात आणि घर भाड्याने दिलं. आता भाडेकरू गेलेत, गिऱ्हाईक मिळालंय, आणि त्यांचा सॉलिसिटर, म्हणजे व्यवहाराचे कागद बघणारा वकील, बॉयलरचं बिल्डिंग रेग्युलेशन्स कंप्लायन्स सर्टिफिकेट मागतोय. बॉयलर बसवणाऱ्याचा फोन लागत नाही. दरवर्षीचे सीपी12, म्हणजे गॅस तपासणीचे दाखले, तुम्ही पाठवलेत, तरी सॉलिसिटरचं समाधान नाही. एजंट म्हणतो, इन्डेम्निटी पॉलिसी (नसलेल्या कागदाच्या जोखमीचा विमा) घ्या आणि मोकळे व्हा.

मी रेडिंगमध्ये घरांच्या खरेदी-विक्रीची कामं करणाऱ्या सॉलिसिटरच्या ऑफिसात काम करते. ही अडचण आमच्याकडे नेहमीची आहे, आणि भारतात परतलेल्या आपल्या लोकांच्या फायलींत तर हमखास निघते. निघायच्या गडबडीत बँकेचे, व्हिसाचे, मुलांच्या शाळेचे कागद सगळे नीट बरोबर घेतात. बॉयलरचा कागद कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे गीझर बसवल्याचा दाखला कोणी कधी मागितलेला नसतो, म्हणून तो जपायचा असतो हेच माहीत नसतं.

सीपी12 का चालत नाही, ते आधी सांगते. गाडीची पीयूसी आणि गाडीचं आरसी बुक यांत जो फरक, तोच इथे. सीपी12 ही घरमालकाने भाडेकरूसाठी दरवर्षी करून घ्यायची गॅसची तपासणी. 1998 च्या गॅस सेफ्टी नियमांखाली ती सक्तीची आहे, आणि त्या दिवशी बॉयलर सुरक्षित चालत होता एवढंच ती सांगते. सॉलिसिटर विचारतोय ते वेगळं: 2018 ला बॉयलर बसवला तेव्हा ते काम इमारतीच्या नियमांप्रमाणे झालं का, आणि त्याची रीतसर नोंद झाली का? तरीही तुमचे सीपी12 वाया गेलेले नाहीत. ओळीने सगळ्या वर्षांचे असतील तर पुढे फार कामाला येतील.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 एप्रिल 2005 पासून गॅस बॉयलर बसवला की त्याची नोंद व्हावी लागते. त्याआधीचा बॉयलर असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. विक्रेता जो टीए6 फॉर्म भरतो, त्यात हीटिंग कधी बसवलं हे विचारतात आणि या तारखेनंतरचं असेल तर सर्टिफिकेट जोडायला सांगतात. तुमचा खरेदीदार मुद्दाम अडवणूक करत नाहीये, त्याचा सॉलिसिटर फॉर्मप्रमाणे चाललाय. कर्ज देणाऱ्या बँकेलाही त्याला उत्तर द्यायचं असतं.

नोंद करायची जबाबदारी बसवणाऱ्याची. गॅस सेफ रजिस्टर ही गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदवही; तिच्यावरचा इंजिनिअर काम झाल्यापासून 30 दिवसांत रजिस्टरला कळवतो, रजिस्टर काउन्सिलला कळवतं, आणि सर्टिफिकेट टपालाने घराच्या पत्त्यावर येतं. इथेच घोटाळा होतो. साधं पाकीट असतं, दिसायला जाहिरातीसारखं, आणि काम होऊन काही आठवडे गेलेले असतात. तुमचंही आलं असेल आणि रद्दीत गेलं असेल, ही शक्यता मला सगळ्यात मोठी वाटते.

म्हणून पहिलं काम: गॅस सेफ रजिस्टरच्या वेबसाइटवर जाऊन घराचा पत्ता आणि पोस्टकोड टाकून नोंद आहे का ते बघा. पुण्यात बसून होतं. नोंद सापडली तर थोडी फी भरून दुसरी प्रत मागवता येते आणि विषय तिथेच संपतो. 2009 च्या एप्रिलपर्यंत हे काम कॉर्गी नावाच्या संस्थेकडे होतं, त्यामुळे जुन्या घरांच्या फायलींत कॉर्गीचं नाव असलेले कागद दिसतात, तेही चालतात. नोंद सापडली नाही तरी लगेच धीर सोडू नका. इंजिनिअरने घरनंबर चुकीचा टाकलेला असतो, फ्लॅटचा नंबर गाळलेला असतो, पोस्टकोडमधलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. फोन करून माणसाशी बोला, बॉयलर कोणत्या महिन्यात बसवला ते सांगा, बसवणाऱ्याचं नाव सांगा.

दुसरं, घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला बॉयलरचं मॅन्युअल शोधायला सांगा. ते बहुधा बॉयलरच्या वरती, शेजारच्या कपाटात किंवा मीटरच्या खणात असतं. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर बेंचमार्क नावाचा तक्ता असतो. बसवणाऱ्याने त्यात गॅसचा दाब, तारीख, स्वतःचा रजिस्टर नंबर भरून सही केलेली असते. हा तक्ता सर्टिफिकेटच्या जागी चालत नाही, पण बसवणारा नोंदणीकृत होता याचा चांगला पुरावा असतो आणि त्यातल्या नंबरावरून त्या माणसाचा मागही काढता येतो. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीला सीरियल नंबर देऊन ईमेल केलात तर वॉरंटी कोणाच्या नावाने, कधी नोंदवली हे कळू शकतं. वॉरंटी शिल्लक असेल तर तीही खरेदीदाराला सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आणखी एक जागा लोकांच्या ध्यानात येत नाही. खरेदीदाराचा सॉलिसिटर काउन्सिलकडून जो लोकल सर्च (घराबद्दलच्या काउन्सिलच्या नोंदींचा अहवाल) मागवतो, त्यात अशा नोंदींचीही माहिती असते. तो सर्च त्याच्या हातात आला असेल तर तुमच्या सॉलिसिटरने एवढंच विचारायचं: त्यात 2018 चा बॉयलर दिसतोय का?

आता समजा नोंद खरंच झालेली नाही. बसवणारा तेव्हा रजिस्टरवर असेल आणि आजही धंद्यात असेल तर राहिलेली नोंद करायला त्यालाच सांगायचं. दुसऱ्या कोणाला ते करता येत नाही. हे मी ठासून सांगते, कारण ‘मी माझ्या नावावर टाकून देतो’ असं म्हणणारे भेटतात. इंजिनिअर फक्त स्वतः केलेल्या कामाची नोंद करू शकतो. खोटी तारीख आणि खोटं नाव घातलेला कागद तुमच्या सीपी12 शी ताडून बघितला की लगेच उघडा पडतो, आणि मग साध्या हरवलेल्या कागदाची फसवणूक होऊन बसते.

राहिली इन्डेम्निटी पॉलिसी. एजंटचं म्हणणं चूक नाही, अर्धं आहे. ही एकरकमी हप्त्याची पॉलिसी असते, हप्ता बहुतेक वेळा विक्रेता भरतो, आणि तिचं संरक्षण खरेदीदाराला, त्याच्या बँकेला आणि पुढच्या मालकांनाही मिळतं. सर्टिफिकेट नाही म्हणून काउन्सिलने उद्या कारवाई केली तर तिचा खर्च विमा कंपनी देते. बॉयलरसाठी हप्ता किरकोळ असतो, नव्या बॉयलरच्या किमतीपुढे तर काहीच नाही. बऱ्याच पॉलिसींची अट असते की काम होऊन बारा महिने झालेले असावेत. तुमचे कधीच झालेत.

पण दुसरी अट असते ती अशी की या कामाबद्दल कोणीही काउन्सिलशी संपर्क साधलेला नसावा. काउन्सिलला एकदा कळलं की कारवाईची शक्यता वाढते, आणि मग विमा कंपनी पॉलिसी द्यायला नकार देऊ शकते. मित्राचा सल्ला प्रामाणिक आहे, पण त्या एका फोनने सगळ्यात स्वस्त आणि झटपट वाट बंद होऊ शकते. तुम्ही, तुमचा एजंट, घर बघायला गेलेला भाऊ, सगळ्यांना हे सांगून ठेवा. शक्य असेल तर खरेदीदारापर्यंतही हा निरोप सॉलिसिटरमार्फत जाऊ द्या, कारण त्याने फोन केला तरी परिणाम तोच.

कारवाईची भीती किती धरायची? नियमबाह्य काम काढायला किंवा बदलायला लावणारी नोटीस 1984 च्या बिल्डिंग ॲक्टच्या कलम 36 खाली पूर्वी काम संपल्यापासून 12 महिन्यांतच देता येत असे. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2023 पासून ही मुदत 10 वर्षं झाली. तेव्हापासून खरेदीदारांचे सॉलिसिटर जुन्या कामांचे कागदही चिकाटीने मागतात. पण नीट चालणाऱ्या, दरवर्षी तपासलेल्या बॉयलरवर काउन्सिलने अशी नोटीस काढल्याचं मी माझ्या कामात पाहिलेलं नाही.

एजंटचा सल्ला अर्धा का म्हटलं, ते सांगते, आणि मला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे. इन्डेम्निटी बॉयलरकडे बघतसुद्धा नाही. धूर बाहेर नेणारा फ्लू सैल झालेला असो, कार्बन मोनॉक्साइड घरात येत असो, पॉलिसी तितकीच वैध राहते. हा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपलेली माणसं त्याने उठतच नाहीत. तुमच्या घरात उद्या कोणाचं तरी लहान मूल राहायला येणार आहे. म्हणून पॉलिसी घ्या किंवा घेऊ नका, गॅस सेफ इंजिनिअरकडून बॉयलरची सर्व्हिस आणि लेखी तपासणी करून घ्याच. शेवटचा सीपी12 भाडेकरू असतानाचा असेल तर नवा काढा. येणाऱ्याचं ओळखपत्र किल्लीवाल्याने मागून बघावं. कोणत्या कामाची परवानगी आहे ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

तुमचं घर म्हणजे फ्लॅट असेल आणि फ्लू छताच्या किंवा भिंतीच्या पोकळीतून गेला असेल तर तपासणीची झाकणं आहेत का, हे इंजिनिअरला मुद्दाम विचारा. 2013 च्या सुरुवातीपासून, फ्लू पूर्ण तपासता येत नसेल तर इंजिनिअर तो बॉयलर धोक्याचा ठरवून बंद ठेवायला सांगतो. व्यवहाराच्या शेवटच्या आठवड्यात हे निघालं तर खरी तारांबळ उडते, आणि ती कुठल्याच पॉलिसीने मिटत नाही.

घर रिकामं आहे, म्हणून एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. तपासणीच्या दिवशी गॅस, वीज आणि पाणी तिन्ही चालू हवं. प्रीपेमेंट मीटर असेल आणि त्यात पैसे नसतील तर इंजिनिअर हात हलवत परत जातो आणि बिल मात्र लावतो. थंडीचे दिवस असतील तर हीटिंग अगदी बंद करून ठेवू नका. पाइप गोठून फुटले तर बॉयलरचा कागद हा तुमचा सगळ्यात छोटा प्रश्न ठरेल.

काउन्सिलकडून रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट घेण्याचीही सोय आहे. 11 नोव्हेंबर 1985 नंतरच्या, परवानगीशिवाय झालेल्या कामांना ते मिळू शकतं. फी प्रत्येक काउन्सिलची वेगळी असते, आठवडे जातात, आणि हा अर्ज केला की इन्डेम्निटीची वाट बंद. खरेदीदार किंवा त्याची बँक पॉलिसी घ्यायला ठाम नकार देत असेल तरच या वाटेने जा.

टीए6 मध्ये काय लिहायचं याची धास्ती घेऊ नका, पण सजवूनही लिहू नका. ‘बॉयलर 2018 मध्ये बसवला, सर्टिफिकेट आमच्याकडे नाही, त्यानंतरच्या तपासण्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत’ एवढं सरळ उत्तर पुरतं. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असंच लिहा. खोटं उत्तर दिलं तर घर विकून झाल्यावरही खरेदीदार नुकसानभरपाई मागू शकतो, आणि तुम्ही पुण्यात आहात म्हणून ते टळत नाही.

आज सॉलिसिटरला ईमेल करा: गॅस सेफकडे दुसरी प्रत शोधतोय, नवी तपासणी लावतोय, आणि नोंद मिळाली नाही तर आमच्या खर्चाने इन्डेम्निटी द्यायला तयार आहोत, काउन्सिलशी कोणीही बोललेलं नाही. सगळ्या वर्षांचे सीपी12 एकाच फाइलमध्ये जोडा. त्याच बैठकीत बाकीचे कागदही शोधून ठेवा, कारण पुढचे प्रश्न तेच येणार: एप्रिल 2002 नंतर खिडक्या बदलल्या असतील तर फेन्सा या खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी संस्थेचं सर्टिफिकेट, आणि 2005 नंतर नवी वायरिंग किंवा फ्यूजबोर्ड बदलला असेल तर इलेक्ट्रिशियनचं. त्यांच्याही प्रती त्या त्या संस्थेकडून अशाच मागवता येतात.