आधी सेल्माला जाऊन ये

प्रिय मुली,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तीनदा वाचलं. चार प्रश्न विचारलेस: गाइडचं अनुदान मध्येच थांबलं, आता काय, ते विषय बदल म्हणतात, बदलू का, तुझा स्वतःचा व्हिसा शिक्षणावर टांगलेला, या दिवसांत हे काम करावं का, आणि आपण मराठी, लॅटिनो, म्हणजे मेक्सिकोसारख्या देशांतून अमेरिकेत आलेल्यांपैकी, नव्हे, तर या लोकांच्या मनाच्या दुखण्यावर आपण बोलावं हा कुठला हक्क. पाचवा प्रश्न तू विचारलाच नाहीस. त्या 140 बायकांचं काय, ज्यांनी तुझ्यासमोर बसून फॉर्म भरले?

काम मोलाचं आहे, धीर सोडू नकोस वगैरे मी लिहीत नाही. ते तुला कळतं, म्हणूनच तर तू रात्री दोन वाजता पानंच्या पानं लिहिलीस. मला एकच सांगायचं आहे आणि ते मी या पत्रात चार वेळा सांगेन. परत जा. ज्यांच्याकडून घेतलंस त्यांच्याकडे, काय घेतलं ते सांगायला परत जा. विषय, व्हिसा, पेपर, सगळं त्यानंतर.

मी 1998 मध्ये कॅलिफोर्नियात आले. त्याच वर्षी तिथल्या फ्रेस्नो काउंटीतला, संशोधक विल्यम वेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सर्व्हे प्रसिद्ध झाला. मेक्सिकन वंशाच्या 3,000 हून अधिक माणसांच्या मुलाखती. मेक्सिकोत जन्मलेल्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेले साधारण 25 टक्के, आणि इथेच जन्मलेल्यांमध्ये 48 टक्क्यांच्या आसपास. गरीब, भाषा न येणारा, नुकताच सीमा ओलांडून आलेला माणूस मनाने जास्त धड, आणि इथे वाढलेली त्याची मुलं जास्त आजारी! पुढच्याच वर्षी त्याच सर्व्हेतून दुसरी गोष्ट पुढे आली. आजार असलेल्यांपैकी वर्षभरात कुठलीही मदत घेतलेले जेमतेम एक चतुर्थांश, आणि स्थलांतरितांमधलं हे प्रमाण इथे जन्मलेल्यांच्या पाच भागांतले दोन भाग एवढंच. मी ते आकडे वाचून अक्षरशः पेटले होते. तासगावची पोर, द्राक्षांच्या मळ्यात वाढलेली, मला वाटलं हे तर माझंच काम.

फ्रेस्नो काउंटीतलं सेल्मा स्वतःला जगाची बेदाणा-राजधानी म्हणवतं, तुला माहीतच आहे. आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर सुकतो. तिथे वेलींच्या ओळींमधल्या मातीवर कागद पसरतात, वाकड्या पात्याच्या चाकूने घड कापून त्यावर पसरतात आणि ऊन पुढचं काम करतं. मजुरी कागदामागे. जितके कागद, तितके पैसे. तू नाशिकची आहेस, गुडघ्यावर बसून दिवसभर घड कापणं म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको.

2004 च्या सप्टेंबरात तिथे एका गॅरेजमध्ये मी एका बाईची मुलाखत घेतली. गॅरेजच्या मधोमध चादरीचा पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब. बाई तिशीची असेल. मांडीवर मूल, त्याच्या हातात मक्याची रोटी. मी नऊ प्रश्नांचा तोच फॉर्म काढला जो तू वापरतेस, नैराश्य तपासायचा पीएचक्यू-9. झोप लागते का, थकवा येतो का. थकव्याला तिने नुसते हात उलटे करून दाखवले. नखांत साखर आणि माती बसून काळी झालेली. नवव्या प्रश्नाला, मरून गेलेलं बरं असं वाटतं का याला, ती म्हणाली, कधी कधी. काही दिवस. मी चौकोनात खूण केली. नियमाप्रमाणे मदतीच्या फोन नंबरांचा कागद दिला, स्पॅनिशमधला. तिने त्याच्या चार घड्या केल्या आणि ग्वादालुपेच्या माता मेरीच्या तसबिरीमागे खोचला.

गाडीत बसल्यावर सोबतची प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका, म्हणाली, तिला वाचता येत नाही. आणि स्पॅनिश तिची भाषा नाही, ती मिस्तेको ही मूळ रहिवाशांची भाषा बोलते, मेक्सिकोतल्या ओआहाकाकडची आहे. स्पॅनिश ती इथे मळ्यात शिकली.

मी म्हटलं, मग आत का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.

रात्री मी त्या कागदावरचा नंबर फिरवून पाहिला. आधी इंग्रजी रेकॉर्डिंग, मग स्पॅनिशसाठी दोन दाबा, मग संगीत. मी सतरा मिनिटं थांबले आणि ठेवून दिला. सकाळी परत जायला हवं होतं. गाडी होती, पेट्रोल होतं, चाळीस मिनिटांचा रस्ता होता. पण माझा पेपर द्यायची तारीख होती. मी अकरा आठवड्यांनी गेले. गॅरेजमध्ये दुसरी माणसं होती. ती कुठे गेली, कुणालाच सांगता आलं नाही. माझ्या पेपरात ती आहे, तिसऱ्या तक्त्यात, एका आकड्याच्या आत. त्या पेपरचा पुढे कितीतरी लोकांनी आधार घेतला. तिच्या हाती काही लागलं नाही.

ही गोष्ट मी फार कुणाला सांगितलेली नाही. तुला सांगते, कारण तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: 'ताई, डेटा पुरेसा झालाय, फील्ड बंद केलंय.' फील्ड बंद होत नाही ग. आपण फोन करायचं बंद करतो, आणि त्याला फील्ड बंद झालं म्हणतो. ते वाक्य वाचून मला राग आला, खरं सांगते. तुझा नाही, त्या अकरा आठवड्यांचा.

नवव्या प्रश्नाला 'अजिबात नाही' सोडून काहीही उत्तर आलं की फॉर्म मिटायचा. तिथेच बसायचं. कुणासोबत आहे, आज रात्री कोण जवळ असेल, हे विचारायचं, आणि फोन तिच्या हातात न देता आपण लावायचा, पलीकडे माणूस बोलेपर्यंत आपण धरायचा. आता 988 या आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनवर स्पॅनिशमध्ये बोलता येतं, 2023 पासून मेसेजही करता येतो, फार बरं झालं. पण नंबर असणं आणि बाईपर्यंत मदत पोचणं यांत एक माणूस लागतो, तो माणूस त्या क्षणी तू असतेस. आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं.

आता हक्काबद्दल. तू यावर दोन पानं घालवलीस, मी एवढी घालवणार नाही. तुझ्या आजीने 'मला डिप्रेशन आलंय' असं कधी म्हटलं का? जीव थाऱ्यावर नाही, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, असंच म्हणाली असेल. तिथल्या बायका नेर्विओस म्हणतात. भांडणात, मयताच्या वेळी बाई थरथर कापते, ओरडते, कोसळते, त्याला आताके दे नेर्विओस म्हणतात. 1994 मध्ये अमेरिकन मनोविकारांच्या अधिकृत पुस्तकात हा शब्द परिशिष्टात का होईना आला, आणि 2013 च्या आवृत्तीत मनोविकारतज्ज्ञ रोबेर्तो लुईस-फर्नांडेझ यांच्या पुढाकाराने सोळा प्रश्नांची एक मुलाखतच आली: तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तुमच्या घरचे काय म्हणतात, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं. हे प्रश्न कळायला तुला लॅटिनो असावं लागत नाही. आणि प्रोमोतोरा कळायलाही नाही. डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तिथे गावातल्या अक्षरशत्रू बायका आरोग्यसेविका झाल्या. गोव्यात 'संगथ' संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवून सरकारी दवाखान्यांत नैराश्याचे रुग्ण बरे होतात हे 2010 मध्ये दाखवलं. हे सगळं आपल्या अंगणातलं आहे. हक्क जन्माने येत असता तर त्या प्रोमोतोराला तो केव्हाच मिळाला असता, आणि तिचं नाव माझ्या पेपरात असतं. नव्हतं. मीच घातलं नाही.

2007 नंतर मी एक नियम केला. प्रत्येक अभ्यासाच्या पैशांतला एक हिस्सा परत जाण्यासाठी बाजूला. प्रोमोतोरांना तासाप्रमाणे पगार, भेटकार्डं नाहीत. आकडे छापायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये, मिसा म्हणजे प्रार्थना झाल्यावर, जेवण घालून, मिस्तेको दुभाषी घेऊन लोकांसमोर मांडायचे. माझ्या विभागातले लोक म्हणत, यातून निघतं काय? माझी बढती पाच वर्षं लांबली. माझ्यामागून आलेले पुढे गेले. मी त्याबद्दल कडवट नाही असं म्हणणार नाही, थोडी आहे. पण मी बरोबर होते, आणि आजही आहे. यातून काय निघतं ते ऐक. अशाच एका बैठकीत मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, तुम्ही थकवा येतो का विचारता, आम्ही हो म्हणतो, मग तुम्ही आम्हाला आजारी लिहिता. रविवारी विचारा ना, रविवारीही येतो का. मुली, मी सहा वर्षं तो फॉर्म वापरत होते! तेव्हापासून थकव्याच्या आणि झोपेच्या उत्तरानंतर आम्ही तो प्रश्न जोडला: काम नसतं त्या दिवशीसुद्धा? फॉर्मचे गुण तसेच ठेवले, ते बदलायचे नसतात, पण शेजारच्या या एका उत्तराने कुणाला द्राक्षांनी दमवलंय आणि कुणाला आतून काही खातंय हे दिसायला लागलं. कुठल्याही परिषदेत मला एवढं मोठं काही मिळालेलं नाही. परत गेले म्हणून मिळालं.

तुझ्या गाइडना मी दोष देत नाही. त्यांना त्यांची माणसं सांभाळायची आहेत. विषय बदलायचा तर बदल, 'ग्रामीण भागातले ताणतणाव' असं नाव दे, नावाला मी फार धरून बसत नाही. पण त्या भीतीचं काय करायचं, ते बोलायला हवं. आयोवातल्या पोस्टव्हिल गावात 12 मे 2008 ला मांसाच्या कारखान्यावर छापा पडला, 389 माणसं धरली. नंतर संशोधकांनी राज्यातले जन्मदाखले तपासले. छाप्यानंतर लॅटिना आयांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीपेक्षा 24 टक्क्यांनी वाढला होता. अटक झालेल्यांच्या घरातच नव्हे, राज्यभर, आणि अमेरिकेत जन्मलेल्या आयांनाही. भीती अशी पोटातल्या बाळापर्यंत जाते. आणि उलटंही खरं. 2012 मध्ये लहानपणी आलेल्यांना डाका योजनेखाली हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं. ऑरेगनमधल्या अभ्यासात त्या आयांच्या मुलांमधली चिंता आणि जुळवून घेण्याच्या विकारांची निदानं निम्म्याहून खाली आली. मुलांना कुणी औषध दिलं नव्हतं. आईला कागद मिळाला होता. आपल्याकडेही म्हणतात ना, कागद आहेत का? तिथे पापेलेस म्हणतात, त्याच सुरात.

म्हणून जाताना सांभाळून जा. 2025 च्या जानेवारीत सरकारने दवाखाने, शाळा, चर्च यांना कारवाईतून बाजूला ठेवणारं धोरण मागे घेतलं. हॉलमध्ये शंभर माणसं जमवायचे दिवस हे नव्हेत. घरोघरी, दोघी-तिघींना भेट, प्रोमोतोरा म्हणेल तिथे आणि तेवढंच. कागद आहेत का हे कुणाला कधीही विचारायचं नाही आणि चुकून कुणी सांगितलं तर लिहायचं नाही. तुमच्या अभ्यासाला गोपनीयतेचं प्रमाणपत्र आहे, ते चांगलं कवच आहे, पण जे लिहिलंच नाही ते कुणी मागू शकत नाही. नावांची यादी आणि उत्तरं एका ठिकाणी ठेवली असशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ती वेगळी कर. आणि स्वतःच्या व्हिसाबद्दल विद्यापीठाच्या वकिलाशी बोल, माझ्याशी नको. मी हट्टी आहे, माझ्या हट्टाची किंमत तू मोजू नयेस.

पण जा. पेपर पाठवायच्या आधी. 140 मधल्या वीस जणी भेटल्या तरी वीस. त्यांना सांग, तुम्ही हे सांगितलंत, मला त्यातून असं दिसलं, हे बरोबर आहे का. आणि गप्प बस. पहिली दहा मिनिटं कुणी बोलणार नाही, मुलं रडतील, कुणीतरी कॉफी करायला उठेल. तू घाईने बोलायला लागू नकोस, तुला ती सवय आहे.

ऑगस्टच्या अखेरीला घड कापायला सुरुवात होते आणि पावसाच्या आत कागद गुंडाळून झाले की माणसं पांगतात, म्हणजे तुझ्याकडे थोडेच रविवार आहेत. दुपारी तीननंतर जा, सकाळी मिसा असते आणि मग कपडे धुण्याची गर्दी. प्रोमोतोराचे तासाचे पैसे मी पाठवते, त्याचा विचार करू नकोस. मदेराला माझ्या ओळखीची एक मिस्तेको दुभाषी आहे, तिच्याशी मी बोलून ठेवलंय. तिला आठवडाभर आधी कळवावं लागतं, कारण हंगामात ती स्वतःही तोडणीला असते.

तुझी,
ताई